वारंवार न्यूमोनिया आणि सारखं उतरणारं हिमोग्लोबिन : लहान मुलांच्या फुप्फुसातला रक्तस्राव

कृष्णकमळ

एखाद्या मुलाला पुन्हा पुन्हा न्यूमोनिया होतोय आणि त्याच मुलाचं हिमोग्लोबिन आयर्न देऊनही टिकत नाहीये, असं तुमच्या घरात, नात्यात, बिल्डिंगमध्ये कुठे असेल तर त्यांच्यासाठी हा धागा काढते आहे.

आमच्या लेकीला 'इडिओपॅथिक पल्मनरी हिमोसिडेरोसिस' आहे. डॉक्टर मंडळी आयपीएच म्हणतात. फुप्फुसातल्या बारीक केशवाहिन्यांतून अधूनमधून रक्त झिरपतं आणि हवेच्या पिशव्यांमध्ये साचतं. असं होण्याची माहीत असलेली सगळी कारणं तपासून बाद झाली की मगच हे निदान करतात. दहा लाख मुलांमागे वर्षाला एखादी केस, इतका हा आजार दुर्मीळ आहे. त्यामुळे तो पटकन कुणाच्या डोक्यात येत नाही, आणि त्याबद्दल माझी तक्रारही नाही. पण तो ओळखायला लागणारे कागद बहुतेक घरांत आधीच असतात, फक्त ते वेगवेगळ्या फायलींत असतात. ते एकत्र बघितले जावेत एवढ्यासाठी लिहिते आहे.

आम्ही सिंहगड रोडला राहतो. लेक साडेतीन वर्षांची असताना खोकला, ताप आणि भरभर श्वास म्हणून ॲडमिट केलं. छातीच्या फोटोत दोन्ही बाजूंना पांढरे डाग होते. न्यूमोनिया म्हणून इंजेक्शनं दिली, चार-पाच दिवसांत पोरगी उड्या मारायला लागली. हिमोग्लोबिन ७.२ होतं. खाण्याकडे लक्ष द्या, असं सांगून आयर्नचं सिरप आणि जंताचं औषध दिलं. काही महिन्यांनी पुन्हा तसंच, आणि त्यानंतर पुन्हा. दर वेळी फोटोत डाग, दर वेळी आठवड्याभरात बरी. मध्ये एकदा हिमोग्लोबिन ५.४ वर आलं तेव्हा रक्त चढवावं लागलं.

तिथून दोन वाटा झाल्या. छातीसाठी एक डॉक्टर, रक्तासाठी दुसरे. रक्ताच्या बाजूने थॅलेसेमियाची एचपीएलसी झाली, कूम्ब्स टेस्ट झाली, दोन्ही नॉर्मल. शौचाच्या तपासणीत डोळ्यांना न दिसणारं रक्त सापडलं म्हणून पोटाच्या डॉक्टरांकडे गेलो, तिथेही काही सापडलं नाही. छातीच्या बाजूने दमा धरून पंप सुरू झाला. वजन वाढेना, खोकला जाईना, म्हणून शेवटी टीबीची औषधं सुरू केली. ती चालू असतानाही पोरगी दोनदा पांढरीफटक पडली.

सरते शेवटी ज्या बालरोगतज्ज्ञांकडे पोचलो त्यांनी औषध लिहायच्या आधी आमची पिशवीच टेबलावर रिकामी केली. छातीचे सगळे फोटो तारखेप्रमाणे लाइट बॉक्सवर लावले. जागा पुरेना तेव्हा उरलेले खिडकीच्या काचेला चिकटवले. मग प्रत्येक फोटोच्या कोपऱ्यात चिकटपट्टीचा तुकडा लावून त्यावर त्या आठवड्याचं हिमोग्लोबिन पेनाने लिहीत गेले. जिथे फोटो पांढरा तिथे आकडा खाली, जिथे फोटो स्वच्छ तिथे वर. एकही अपवाद नव्हता. मला म्हणाले, "ताई, हे दोन आजार नाहीत. रक्त फुप्फुसात जातंय."

पुढे सीटी आणि ब्रॉन्कोस्कोपी झाली. फुप्फुस धुऊन काढलेल्या पाण्यात लोहाने भरलेल्या पेशी सापडल्या. उपचार चालू आहेत, लेक शाळेत जाते. जमेल तशी उत्तरं देईन. इथे कुणी डॉक्टर, लॅबवाले असतील तर त्यांनी नक्की लिहावं. हॉस्पिटलांची नावं मात्र या धाग्यावर कुणी घेऊ नका, ना चांगल्यासाठी ना वाईटासाठी.

धायरीफाटा

बापरे. पण ताई, फुप्फुसात एवढं रक्त जातंय तर खोकल्यातून नाही का पडलं कधी?

कृष्णकमळ

नाही. तिच्या बाबतीत निदान होईपर्यंत एकदाही नाही. डॉक्टरांनी समजावलं की लहान मुलं थुंकत नाहीत, आलेलं गिळून टाकतात. ते रक्त पोटात जातं, म्हणूनच शौचाच्या तपासणीत सापडलं होतं. शी काळपट व्हायची, पण आयर्नच्या सिरपनेही ती काळी होतेच, त्यामुळे त्यावरून काही कळत नव्हतं. एकदा उलटीत तपकिरी काहीतरी दिसलं होतं, ते आम्ही दाखवलं तेव्हा जठराला सूज असेल असं सांगितलं होतं.

पाऊलवाट

मी बालरोगतज्ज्ञ आहे, पुण्यातच प्रॅक्टिस करते. कृष्णकमळ, फार नीट मांडलं आहेत. थोडी भर घालते.

आधी लोहाचा हिशेब बघा, म्हणजे हा आजार आयर्नच्या सिरपला दाद का देत नाही ते कळेल. १४ किलोच्या मुलाच्या अंगात साधारण १.१ लिटर रक्त असतं. हिमोग्लोबिन १२ असेल तर दर १०० मिली रक्तात सुमारे ४० मिलिग्रॅम लोह असतं. जेवणातून मूल दिवसाला जेमतेम १ मिलिग्रॅम लोह शोषून घेतं. म्हणजे अर्धी वाटी रक्त फुप्फुसात गेलं की महिन्याभराहून जास्त दिवसांची कमाई एका झटक्यात गेली. ते लोह शरीराबाहेरही जात नाही. फुप्फुसातल्या मॅक्रोफेज नावाच्या पेशी सांडलेलं रक्त गिळतात आणि त्यातलं लोह हिमोसिडेरिनच्या रूपात तिथेच अडकून पडतं. अस्थिमज्जेला ते परत मिळत नाही. लोह आहे, पण चुकीच्या जागी. म्हणूनच फेरिटिन, म्हणजे लोहाच्या साठ्याची रक्ततपासणी, कधी कधी नॉर्मल किंवा वाढलेलं येतं आणि बघणाऱ्याची दिशाभूल होते.

आता न्यूमोनियाशी गल्लत का होते? रक्त फुप्फुसात सांडलं की तापही येऊ शकतो, पांढऱ्या पेशीही वाढू शकतात, खोकला आणि दम तर असतोच. फोटोत डाग दिसतात. अँटिबायोटिक सुरू होतं आणि योगायोगाने त्याच दिवसांत रक्तस्राव थांबून फोटो स्वच्छ होतो. सगळ्यांना वाटतं औषध लागू पडलं. पण मोठ्या न्यूमोनियाचा डाग पूर्ण जायला बऱ्याचदा काही आठवडे लागतात. दोन्ही फुप्फुसांत पसरलेले डाग तीन-चार दिवसांत साफ झाले तर मनात शंका यायला हवी.

तिसरी गोष्ट रेटिक्युलोसाइट काउंट, म्हणजे नव्या लाल पेशींचं प्रमाण. आहारात लोह कमी पडलेल्या मुलाचा रेटिक वाढलेला नसतो, कारण पेशी बनवायला मालच नसतो. रक्त कुठून तरी जात असेल तर मज्जा जोर लावते आणि रेटिक वाढतो. स्वस्त तपासणी आहे, तालुक्याच्या गावीही होते. आणि आहारातल्या कमतरतेने हिमोग्लोबिन महिनोन्‌महिने हळूहळू उतरतं. दोन दिवसांत दोन ग्रॅम कधीच उतरत नाही.

टीबीबद्दल मात्र मला आवर्जून सांगायचं आहे. जगातल्या टीबीच्या रुग्णांपैकी सुमारे एक चतुर्थांश आपल्या देशात आहेत. वजन न वाढणारं, खोकणारं मूल समोर आलं की टीबीचा विचार आधी करणं बरोबरच आहे. प्रश्न येतो तो जंतू सापडलेला नसताना, औषधांनी फरक पडत नसतानाही तोच विचार धरून ठेवल्यावर.

रानजाई

कृष्णकमळ, वाचून डोळ्यांत पाणी आलं. माझ्या भाच्याचंही एचबी ८ च्या आसपासच असतं. सासूबाई त्याला बीट, खजूर, अळिवाचे लाडू देतात. ते चालू ठेवावं ना? की सरळ मोठ्या डॉक्टरांकडे न्यायचं?

भोरची_आशा

रानजाई ताई, घाबरू नका. मी भोर तालुक्यात आशा म्हणून काम करते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीत, २०१९-२१ ला, सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांपैकी देशात ६७.१ टक्के आणि महाराष्ट्रात ६८.९ टक्के मुलं ॲनिमिक निघाली होती. म्हणजे तुमच्या भाच्यासारखी मुलं घरोघरी आहेत आणि त्यातल्या बहुतेकांना लोहाचीच कमतरता आहे. लाडू, खजूर चालू ठेवा, पण तेवढ्यावर राहू नका. अंगणवाडीत, आमच्याकडे जे आयर्नचं सिरप मिळतं ते आठवड्यातून दोनदा १ मिली असतं. तो डोस ॲनिमिया होऊ नये म्हणून असतो. झालेला ॲनिमिया बरा करायला वेगळा डोस लागतो, तो डॉक्टर ठरवतात. महिनाभर नीट औषध घेऊन हिमोग्लोबिन एका ग्रॅमने तरी वाढायला हवं.

हा धागा वाचून मला एक गोष्ट लागली. आमच्या नोंदवहीत हिमोग्लोबिन एका पानावर आणि न्यूमोनियाच्या नोंदी वेगळ्या पानावर असतात. आमच्या पाड्यावर एक मुलगा आहे, दोन्ही पानांवर त्याचं नाव आहे. शाळा-अंगणवाडी तपासणीचं पथक येईल तेव्हा त्याच्या आईला दोन्ही कागद घेऊन बसवणार आहे.

पाऊलवाट

आशाताई, ७ च्या खाली हिमोग्लोबिन असेल तर पथकाची वाट बघू नका, थेट उपजिल्हा किंवा जिल्हा रुग्णालयात पाठवा. बाकी तुम्ही जे केलंत तेच करायला हवं होतं.

रानजाई, भाच्याला छातीचा त्रास काहीच नसेल तर आधी नीट डोसमध्ये आयर्न आणि महिन्याने सीबीसी. बहुतेक मुलं तेवढ्यावर सुधारतात.

काचपट्टी

मी पॅथॉलॉजिस्ट. सूक्ष्मदर्शकाखाली या पेशी कशा दिसतात ते सांगतो, कारण निदानाचा निम्मा भार त्यावर असतो.

ब्रॉन्कोस्कोपीत बारीक, लवचीक दुर्बीण गुंगी देऊन नाकातून फुप्फुसापर्यंत नेतात. थोडं थोडं सलाइन सोडून परत ओढून घेतात. ताजा रक्तस्राव चालू असेल तर दर वेळी परत येणारं पाणी आधीच्यापेक्षा लालसर होत जातं. दुर्बिणीचा धक्का लागून नळीत खरचटलं असेल तर उलट होतं, पहिलं पाणी लाल आणि पुढचं फिकं. म्हणून आम्ही सिरिंजांवर १, २, ३ असे क्रमांक घालून मागतो. जुना रक्तस्राव असेल तर पाणी गंजासारखं तांबूस येतं.

ते पाणी सेंट्रिफ्यूज करून काचपट्टीवर पसरतो. साध्या रंगात मॅक्रोफेजच्या पोटात सोनेरी-तपकिरी कण दिसतात, पण तेवढ्यावर लोह म्हणता येत नाही. मग पर्ल्स स्टेन. माक्स पर्ल्स या जर्मन डॉक्टरांनी १८६७ साली सांगितलेली पद्धत आजही तशीच चालते. पोटॅशियम फेरोसायनाइड आणि सौम्य हायड्रोक्लोरिक ॲसिड एकत्र करून काचपट्टीवर घालायचं, थोडा वेळ थांबायचं, धुवायचं, आणि मागे हलका लाल रंग द्यायचा. जिथे लोह आहे तिथे गडद निळा रंग उमटतो. आयपीएचच्या मुलाची पट्टी लावली की फिकट गुलाबी पार्श्वभूमीवर निळ्या पेशीच पेशी. स्टेन अगदी स्वस्तातला आहे, कुठल्याही बऱ्या लॅबमध्ये असतो. पण तो कुणी मागितला तरच होतो! मागणीच्या कागदावर नुसतं 'कल्चर आणि सायटॉलॉजी' असेल तर तंत्रज्ञ पर्ल्स लावेलच असं नाही.

आणखी एक. रक्त सांडल्यावर लगेच या पेशी दिसत नाहीत. लोह पचवून हिमोसिडेरिन व्हायला दोन-तीन दिवस जातात, मग काही आठवडे त्या टिकतात. पहिल्याच दिवशीचा नमुना कोरा आला म्हणून विषय संपवू नका.

आता या धाग्यावरच्या पालकांसाठी सगळ्यात कामाची गोष्ट. टीबीच्या शंकेसाठी लहान मुलांचं सकाळचं उपाशीपोटीचं जठरातलं पाणी नळीने काढतात, कारण ती कफ थुंकत नाहीत, गिळतात. जे कफाचं तेच रक्ताचं. त्याच नमुन्यातला थोडा भाग पर्ल्ससाठी दिला तर लोहाच्या पेशी तिथेही सापडू शकतात. मुलाला वेगळी नळी घालावी लागत नाही. जठरातल्या आम्लात पेशी लवकर खराब होतात म्हणून नमुना ताबडतोब लॅबमध्ये पोचायला हवा. आणि त्यात पेशी नाही सापडल्या तर आजार नाहीच असा अर्थ काढू नये, दुर्बिणीतून घेतलेला नमुना कितीतरी जास्त भरवशाचा.

धायरीफाटा

काचपट्टी काका, हे असं कुणी समजावून सांगितलं तर रिपोर्ट वाचायची भीतीच जाईल. वाचनखूण साठवली.

मुठाकाठ

माझ्या बहिणीच्या मुलाला डाऊन सिंड्रोम आहे. त्याला सारखा छातीचा त्रास होतो, ॲडमिट करावं लागतं. एचबीही कमी असतं. या मुलांची प्रतिकारशक्ती कमीच असते असं म्हणून आम्ही ते सोडून दिलं होतं. याचा काही संबंध?

पाऊलवाट

मुठाकाठ, संबंध असू शकतो आणि तुम्ही विचारलंत हे फार चांगलं केलंत. डाऊन सिंड्रोम असलेल्या मुलांमध्ये आयपीएच इतरांपेक्षा जास्त आढळतो. फ्रान्समध्ये २५ मुलांचा अभ्यास २०१३ साली प्रसिद्ध झाला, त्यात पाचातलं एक मूल डाऊन सिंड्रोमचं होतं. त्यांना छातीचे संसर्ग खरोखर जास्त होतात, गिळताना अन्न श्वासनळीत जातं, हृदयाचे दोष असतात, त्यामुळे या आजाराचा संशयच येत नाही. मागचे सीबीसी रिपोर्ट आणि छातीचे फोटो तारखेप्रमाणे लावून त्याच्या डॉक्टरांना दाखवा.

याच ओघात 'कारणं बाद करणं' म्हणजे काय तेही लिहिते, कारण नुसत्या निळ्या पेशींनी एवढंच कळतं की फुप्फुसात रक्त गेलं होतं. का गेलं ते शोधावं लागतं. आपल्याकडे पहिलं म्हणजे हृदय. संधिवाताच्या तापाने मायट्रल झडप अरुंद झाली तर मागे दाब वाढून फुप्फुसात रक्त झिरपतं, म्हणून टूडी एको हवाच. मग रक्तवाहिन्यांना सूज आणणारे आजार, ल्यूपस, गुडपाश्चर सिंड्रोम. त्यासाठी एएनए, एएनसीए, अँटी-जीबीएम या रक्ततपासण्या आणि लघवीची तपासणी, कारण यातले काही आजार फुप्फुस आणि मूत्रपिंड दोन्हीवर घाला घालतात. टीबीचं रिफाम्पिसिन चालू असेल तर लघवी नारिंगी होते, त्यामुळे डोळ्यांनी बघून अंदाज बांधू नका, लॅबमध्येच बघा. रक्त गोठण्याचे दोषही तपासतात. घरात आणखी कुणाला फुप्फुसातला रक्तस्राव, सांधेदुखी, मूत्रपिंडाचा त्रास असेल तर जनुकीय तपासणी करतात. सीओपीए नावाच्या जनुकातल्या बिघाडाने असा आजार होतो हे २०१५ साली कळलं. काही मुलांत एवढं सगळं करूनही फुप्फुसाचा तुकडा काढून तपासावा लागतो. तो कधी काढायचा याबाबत तज्ज्ञांत एकमत नाही, मुलागणिक ठरतं.

आणि सीलिॲक! गव्हातल्या ग्लूटेनने आतड्याला इजा होण्याचा हा आजार आयपीएचबरोबर जोडीने येऊ शकतो, या जोडीला लेन-हॅमिल्टन सिंड्रोम म्हणतात. पोटाची तक्रार काही नसतानाही असतो. त्याची टीटीजी-आयजीए ही रक्ततपासणी, सोबत एकूण आयजीए, प्रत्येक मुलाची करावी. सापडला तर गहू बंद केल्यावर फुप्फुसातला रक्तस्रावही कमी झाल्याची उदाहरणं आहेत. मात्र तपासणीच्या आधी घरच्या घरी गहू बंद करू नका, मग टेस्ट खोटी निगेटिव्ह येते. तान्ह्या मुलांत गाईच्या दुधाच्या ॲलर्जीनेही असंच चित्र दिसतं, त्याला हायनर सिंड्रोम म्हणतात. तिथे दूध थांबवून बघतात, पण तेही डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

कृष्णकमळ

पाऊलवाट ताई, अनेक आभार. लेकीची टीटीजी निगेटिव्ह आली. पण आमच्याच ओपीडीत भेटलेल्या एका मुलाची पॉझिटिव्ह होती. त्याच्या आजीने घरातून कणीकच हद्दपार केली. ज्वारी, नाचणी आणि तांदळाची भाकरी. आजीच मला म्हणाल्या की गिरणीत भाकरीचं पीठ गव्हानंतर लगेच दळून घेत नाही, त्यात गहू उतरतो. घरीच छोटी चक्की घेतली त्यांनी. इतक्या बारकाईने बघणारं माणूस घरात असलं की निम्मं काम होतं.

सातारारोड

आमचा अनुभव थोडा वेगळा, पण वारंवार न्यूमोनिया म्हणून इथे येणाऱ्यांना उपयोगी पडेल. आमच्या मुलाचं हिमोग्लोबिन कायम चांगलं होतं. त्याला प्रायमरी सिलियरी डिस्कायनेशिया निघाला. श्वासनलिकेतली कफ वर ढकलणारी सूक्ष्म केसरं नीट हलत नाहीत. पूर्ण दिवसांचा जन्म, तरी पहिल्या दिवशीच ऑक्सिजन लागला होता. तेव्हापासून बाराही महिने ओला खोकला, गळणारं नाक, कानात पाणी. या मुलांपैकी जवळपास निम्म्यांचं हृदय उजवीकडे असतं, आमच्या मुलाचं डावीकडेच आहे, त्यामुळे कुणाला पटकन शंका आली नाही. ओळखल्यापासून रोज छातीची फिजिओथेरपी करतो आणि तो क्रिकेट खेळतो. सांगायचं एवढंच की प्रत्येक वारंवार न्यूमोनिया हा कृष्णकमळ यांच्या लेकीचा आजार नसतो. खोकला मध्ये पूर्ण थांबतो की कधीच थांबत नाही, हे डॉक्टरांना नक्की सांगा.

हिरवा_चाफा

उपचार म्हणजे स्टेरॉइडच ना? एवढ्याशा जिवाला किती दिवस? आणि नेटवर वाचलं की ही मुलं फार जगत नाहीत. कृष्णकमळ, दुखवायचं नाही गं, पण आमच्या नात्यात आत्ताच हे निदान झालंय आणि घरात सगळे हवालदिल आहेत.

कृष्णकमळ

अगं दुखवलं वगैरे काही नाही, मीही रात्र रात्र तेच वाचत बसायचे. हो, सुरुवात स्टेरॉइडने. चेहरा गोल झाला, भूक प्रचंड वाढली, चिडचिड वाढली. पण फोटो स्वच्छ राहायला लागला आणि हिमोग्लोबिन पहिल्यांदा ११ वर गेलं. मग हायड्रॉक्सिक्लोरोक्विन जोडून स्टेरॉइड हळूहळू उतरवत आणलं. त्या गोळीसाठी डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळी करावी लागते. काही मुलांना ॲझाथायोप्रिन लागतं. स्टेरॉइड एकदम बंद करायचं नाही, आणि कुठलीही लस घेण्याआधी आपल्या डॉक्टरांना विचारायचं, हे फ्रिजवर लिहून ठेवलं आहे कारण आजोबाही औषध देतात. घरात धूप, उदबत्ती, डासांची कॉइल बंद केली. दिवाळीत फटाक्यांचे चार दिवस तिला घेऊन गावी जातो.

पाऊलवाट

हिरवा_चाफा, ते जुने आकडे लवकर आणि दीर्घकाळ उपचार देण्याच्या आधीच्या काळातले आहेत. आज स्टेरॉइड आणि त्याच्या जोडीच्या औषधांवर बरीच मुलं वर्षानुवर्षं चांगली राहतात. धोका खरा आहे, तो लपवणार नाही : अचानक मोठा रक्तस्राव होऊ शकतो, आणि वर्षानुवर्षं रक्त झिरपत राहिलं तर फुप्फुस कडक होतं. म्हणूनच लवकर ओळखण्याचा एवढा आग्रह. मूल एकाएकी फिकं पडलं, श्वास वाढला, ओठ निळसर वाटले की सकाळची वाट न बघता इमर्जन्सीत न्या, आणि दारातच आजाराचं नाव सांगा.

उजनी

मी सोलापूरची. मुलगा चार वर्षांचा. तीन महिन्यांपासून खोकला, बारीक ताप, वजन कमी झालंय. एचबी ७.८. फोटोत डाग आहे. उद्या सकाळी टीबीसाठी जठरातलं पाणी काढणार आहेत. हा धागा वाचून रात्रभर झोप नाही. डॉक्टरांना ती निळ्या रंगाची तपासणी कशी सांगू? राग येईल का त्यांना?

काचपट्टी

नाही येणार. एवढंच विचारा : "डॉक्टर, फोटोत डाग आहे आणि हिमोग्लोबिनही कमी आहे, तर याच नमुन्यात हिमोसिडेरिनच्या पेशींसाठी पर्ल्स स्टेन करता येईल का?" कागदावर लिहून न्या. मुलाला रात्री जेवणानंतर काही देऊ नका, सकाळी उठल्या उठल्या, पाणीही प्यायच्या आत नमुना घेतात. टीबीच्या सीबीनॅटला (टीबीचा जंतू शोधणारी तपासणी) आणि कल्चरला भाग आधी जाऊ द्या, तो महत्त्वाचा. उरलेला पर्ल्सला.

कृष्णकमळ

उजनी ताई, आणि जुने फोटो असतील तर मागच्या बाजूला तारीख आणि त्या वेळचं एचबी पेन्सिलीने लिहून सोबत न्या. रक्त चढवलं असेल तर तीही तारीख. नाहीतर चढवलेल्या रक्ताने वाढलेला आकडा बघून औषधाने वाढला असं वाटतं.

उजनी

सगळ्यांना नमस्कार. डॉक्टर अजिबात रागावले नाहीत, उलट स्वतःच चिठ्ठीवर लिहून दिलं. सीबीनॅट पॉझिटिव्ह आलं आहे, टीबीच आहे. लोहाच्या पेशी सापडल्या नाहीत. जुने फोटो दाखवले, तर डाग तीन महिने एकाच जागी आहे, गेलाच नव्हता. आजपासून औषधं सुरू. मन हलकं झालं. धाकटी दीड वर्षाची आहे, तिला धोका आहे का?

पाऊलवाट

उजनी, जंतू सापडला, औषध ठरलं, ही चांगली बातमी आहे. टीबीत हिमोग्लोबिन कमी असतंच, आजार आटोक्यात आला की सुधारेल. दोन महिन्यांनी वजन, सीबीसी आणि फोटो नक्की करा. बरं वाटलं तरी कोर्स मध्ये सोडायचा नाही. धाकटीला, आणि घरातल्या सगळ्यांनाच, तपासून घ्या. मुलाला लागण घरातल्या एखाद्या मोठ्या माणसाकडून झालेली असण्याची शक्यता जास्त, कुणाला दोन आठवड्यांपेक्षा जास्त खोकला असेल तर त्यांची थुंकी आधी तपासा. धाकटीला टीबी नाही असं ठरलं की तिला प्रतिबंधक औषध सुरू करतील. सरकारी केंद्रात हे सगळं मोफत आहे.